माशाच्या अंगातला पहारा

आपल्या नाशिक जिल्ह्यात किल्ल्यांच्या गोष्टी लहान मुलांनाही ठाऊक असतात. दिंडोरीजवळचा रामशेज घ्या. किल्ला तसा लहान. पण १६८२ साली मोगली फौजेने त्याला वेढा घातला आणि आतल्या मूठभर शिबंदीने तो काही वर्षे झुंजवत ठेवला. किल्ला नुसत्या तटाने लढत नाही, आतली माणसे जागी असावी लागतात. आज मला सांगायचे आहे ते एका निराळ्याच किल्ल्याविषयी. गंगापूरच्या धरणात किंवा तुमच्या गावच्या तळ्यात पोहणारा मासा, हाही एक किल्लाच होय.

मासा हातातून निसटतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. हा थर म्हणजे किल्ल्याचा खंदक. रोगजंतू त्यात अडकतात, आणि थर सारखा झडून नवा येत असल्यामुळे पाण्याबरोबर वाहून जातात. त्यात जंतूंना मारणारी द्रव्येही असतात. त्याच्या आत खवले आणि कातडी, म्हणजे तट. तट फुटलाच तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतूंना गिळतात. शेवटी येतात प्रतिपिंडे. एकदा पाहिलेल्या शत्रूला ओळखून त्याला धरणारी ही द्रव्ये. माणसात रक्ताच्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. माशात हे काम मूत्रपिंडाचा पुढचा भाग आणि प्लीहा करतात.

हे सारे कळले कसे, तो इतिहासही ऐकण्याजोगा आहे. १८८२ साली मेचनिकॉव्ह नावाचा रशियन शास्त्रज्ञ इटलीतील मेसिना येथे, समुद्रकाठी राहत होता. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने काटा टोचला. (तारामासा नावाचाच मासा, खरा मासा नव्हे.) दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा! शरीर स्वतः लढते, ही कल्पना त्याला तेथे सुचली. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचाच एक विद्यार्थी आपल्या मुंबईत आला. त्याचे नाव हाफकिन. प्लेगने मुंबई ओस पडत असताना त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

मग माणसाला लस लागू पडते, तर माशाला का नाही? १९४२ साली कॅनडात डफ या संशोधकाने ट्राउट माशांना मेलेले रोगजंतू खाद्यातून चारले, आणि ते मासे रोगाला पुष्कळ अंशी पुरून उरले. पुढे नॉर्वेत सामन माशांना लशी टोचू लागले, तेव्हा तेथील मत्स्यशेतीतला प्रतिजैविक औषधांचा वापर फारच घटला. माशाचा पहाराही शत्रूची आठवण ठेवतो, हे यावरून दिसते.

परंतु या पहाऱ्यात एक उणीव आहे, आणि आपल्याकडच्या माणसाने ती ध्यानात ठेवावी. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार किंवा ऊन असते. पाणी थंडावले की पेशी मंदावतात, प्रतिपिंडे उशिरा तयार होतात. १९७६ साली असे प्रसिद्ध झाले की आजारी मासे, संधी मिळाली तर, आपण होऊन अधिक उबदार पाण्यात जाऊन राहतात. आपल्याला अंथरुणात ताप चढतो. मासा तो ताप शोधत जातो म्हणा ना! पण लहान तळ्यात बिचारा जाणार कोठे? निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतो. तळ्यातल्या माशाला शेकोटी नाही.

याचा अनुभव देशाने घेतला तो १९८८ साली. त्या वर्षी बांगलादेश आणि आसामच्या बाजूने माशांवर लाल चट्टे व खोल जखमा पाडणारा रोग शिरला आणि पुढील काही वर्षांत कित्येक राज्यांत पसरला. मरळीसारखे मासे पटापट मेले. पाण्यातल्या बुरशीसारख्या एका जीवाचे हे काम. हा रोग पावसाळा सरून पाणी थंडावले की जोर करतो. गंमत अशी, की सिप्रिनस मासा बहुधा टिकून राहिला. त्याच्या पेशी त्या बुरशीभोवती घट्ट वेढा घालू शकतात.

पण रोगाहून मोठा घाव अफवेने घातला. मासे खाल्ले तर माणसालाही हा रोग होईल, असे लोक म्हणू लागले. बाजारात निरोगी मासाही कोणी घेईना, आणि ज्यांची चूल जाळ्यावर पेटते त्यांच्या घरी उपासमार आली. वास्तविक ती बुरशी माणसाला बाधत नाही. एवढी गोष्ट गावोगाव वेळेवर पोचली असती तर किती घरे सावरली असती!

पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगावर ‘सिफॅक्स’ नावाचे औषध काढले. तरी औषधाआधी पहारा सांभाळावा, हे बरे. थंडीत माशांची धरपकड करू नये. एक खवला निघाला तरी तटाला भगदाड पडते. तळ्यात फार दाटी करू नये. थंडीपूर्वी पाणी तपासून, जाणकाराला विचारून चुना टाकावा. परगावचे ओले जाळे आपल्या तळ्यात टाकू नये, उन्हात खडखडीत वाळवावे. मेलेला मासा पाण्यात न ठेवता लांब पुरावा.

शिक्षकबंधूंना एक विनंती. शाळेत रामशेज शिकवाल तेव्हा मुलांना एकदा तळ्याकाठीही न्या. जाळे वाळत का घालायचे, आणि चट्टे पडलेल्या माशाची बातमी कानोकानी न पसरवता मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत का द्यायची, हे त्यांना तेथेच समजावून सांगा. मुले ते घरी सांगतील, आणि घरातले बहुधा ऐकतील.