मुक्त संदेशप्रणालीचा विस्तार कसा होतो?

दूरध्वनी कोणत्याही कंपनीचा असो, दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता येते. इंटरनेटवरील झटपट संदेशांच्या बाबतीत मात्र एका सेवेच्या सदस्याला सहसा त्याच सेवेच्या सदस्याशी संवाद साधता येतो. ही भिंत दूर करण्याच्या हेतूने जेरेमी मिलर या अमेरिकी प्रोग्रामरने जानेवारी १९९९ मध्ये 'जॅबर' हा प्रकल्प जाहीर केला. त्यातून साकारलेला प्रोटोकॉल, म्हणजेच संगणकांनी परस्परांशी बोलण्याची नियमावली, आज 'एक्सएमपीपी' या नावाने ओळखला जातो. ऑक्टोबर २००४ मध्ये 'आयईटीएफ' या इंटरनेट मानके ठरविणाऱ्या संस्थेने तो प्रसिद्ध केला आणि मार्च २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ई-मेलप्रमाणेच यातही कोणालाही स्वतःचा सर्व्हर चालवता येतो.

छोटा गाभा, मोठा विस्तार

या प्रोटोकॉलचा गाभा छोटा आहे. त्यात तीनच प्रकारचे निरोप असतात. 'मेसेज' म्हणजे संदेश, 'प्रेझेन्स' म्हणजे व्यक्ती उपलब्ध आहे की नाही याची सूचना आणि 'आयक्यू' म्हणजे प्रश्न व त्याचे उत्तर. गटचर्चा, संदेश पोहोचल्याची पावती, समोरची व्यक्ती टाइप करीत असल्याची खूण या साऱ्या सुविधा 'एक्सईपी' नावाच्या स्वतंत्र विस्तारांद्वारे जोडल्या जातात. अशा क्रमांकित दस्तऐवजांची संख्या चारशेहून अधिक आहे.

विस्ताराची रचना करणाऱ्यापुढे मुख्य अडचण एकच असते. जगभरातील सर्व्हर आणि ॲप वेगवेगळ्या लोकांच्या हाती असल्याने ते एकाच दिवशी बदलता येत नाहीत. त्यामुळे नवी सुविधा न समजणाऱ्याचे संभाषण अडता कामा नये, हे पथ्य पाळावे लागते.

त्याची तजवीज गाभ्यातच आहे. प्रत्येक विस्ताराला स्वतःचे वेगळे नाव, म्हणजे 'नेमस्पेस' असते. संदेशात अनोळखी नेमस्पेसचा मजकूर आढळल्यास ॲपने तेवढा भाग सोडून उरलेला संदेश दाखवायचा असतो. 'आयक्यू'मधील अनोळखी प्रश्नाला मात्र 'ही सेवा उपलब्ध नाही' असे उत्तर देणे बंधनकारक आहे.

पाठविलेला संदेश दुरुस्त करण्याची सुविधा (एक्सईपी-०३०८) हे याचे चांगले उदाहरण होय. 'सातला भेटू'ऐवजी 'आठला भेटू' असे म्हणायचे असल्यास केवळ बदललेला शब्द न पाठविता संपूर्ण नवे वाक्य पाठविले जाते आणि ते कोणत्या संदेशाच्या जागी आहे, याची खूण सोबत जोडली जाते. नवे ॲप जुने वाक्य बदलते. जुन्या ॲपवर दुसरा संदेश दिसतो. ठरलेली वेळ दोघांनाही कळते.

टाइप करीत असल्याची खूण (एक्सईपी-००८५) आणखी जपून वागते. पहिल्या संदेशासोबत ती जोडली जाते. उत्तरात तशी खूण आली नाही, तर पुढे ती पाठवायची नसते. समोरच्या ॲपला कोणते विस्तार कळतात, हे आधीच विचारण्याची सोय एक्सईपी-००३० मध्ये आहे.

मान्यतेचा मार्ग

विस्ताराचा प्रस्ताव कोणीही देऊ शकतो. २००१ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००७ पासून सध्याचे नाव धारण करणाऱ्या 'एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशन'ची पाच सदस्यांची निर्वाचित परिषद त्यावर निर्णय घेते. स्वीकारलेला प्रस्ताव प्रथम 'प्रायोगिक' ठरतो. सुरक्षेचा विचार मांडणारे प्रकरण त्यात आवश्यक असते. त्यानंतर किमान १४ दिवस हरकती मागविल्या जातात व मतदान होते. अंतिम दर्जासाठी किमान दोन स्वतंत्र प्रोग्राममध्ये तो प्रत्यक्ष वापरलेला असावा लागतो.

पथ्याची मर्यादा

काही सुविधांना हे पथ्य पूर्णपणे पाळता येत नाही. 'ओमेमो' (एक्सईपी-०३८४) या विस्तारामुळे संदेश केवळ पाठविणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतो. ज्याच्या ॲपला ओमेमो कळत नाही, त्याला कुलूपबंद संदेश आल्याची सूचना फार तर मिळू शकते; मजकूर मिळत नाही. तसा तो मिळाला असता, तर कुलपाला अर्थच उरला नसता.

याहून मोठा धोका नियमावलीबाहेरचा आहे. ऑगस्ट २००५ मध्ये आलेली 'गूगल टॉक' सेवा याच प्रोटोकॉलवर आधारित होती आणि जानेवारी २००६ मध्ये ती इतर सर्व्हरसाठी खुली झाली. मे २०१३ मध्ये गूगलने आणलेल्या 'हँगआउट्स'ने मात्र हा मार्ग सोडला. जून २०२२ मध्ये गूगल टॉक पूर्णपणे बंद झाली. 'व्हॉट्सॲप'नेही या प्रोटोकॉलचे आपल्यापुरते बदललेले रूप वापरले. पण अन्य एक्सएमपीपी सर्व्हरसाठी दार उघडले नाही. एखादी मोठी कंपनी बाहेर पडली, की उत्तम रचलेला विस्तारही तिच्या ग्राहकांशी तुटलेला संवाद जोडू शकत नाही.

जे या व्यवस्थेत राहतात, त्यांच्यापुढे विस्तारांच्या गर्दीचा प्रश्न असतो. कोणते ॲप काय जाणते, याचा मेळ राहावा म्हणून फाउंडेशन आवश्यक विस्तारांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. ॲप निवडताना ते या यादीत कितपत बसते, हे पाहणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.