द्रव प्राणवायू आणि त्याचे पात्र

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' हे बलून वर गेले, तेव्हा त्यातील तिघांपाशी प्राणवायू होता. क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल व तिसांदिये यांनी प्राणवायूमिश्रित हवेचे तीन लहान फुगे बरोबर घेतले होते. हा साठा अपुरा आहे, असे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी पत्राने कळविले होते. परंतु तो वाढविण्यास अवधी उरला नव्हता. साठा थोडा, म्हणून निकड भासेल तेव्हाच तो वापरावा असे ठरले. आणि निकड आली तेव्हा नळीपर्यंत हात नेण्याचे बळ उरले नव्हते. सुमारे ८,६०० मीटर उंची गाठलेले ते बलून खाली आले, तेव्हा एकटे तिसांदिये जिवंत होते.

प्राणवायूच्या वापराचा इतिहास शोधांच्या क्रमाने लिहिण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो बव्हंशी पात्रांचा इतिहास होय. क्राकोव येथे व्रोब्लेव्हस्की व ओल्शेव्हस्की यांनी १८८३ मध्ये प्राणवायू मोजण्याइतक्या प्रमाणात द्रवरूपात मिळविला. एक लिटर द्रवापासून सामान्य तापमानास सुमारे ८६० लिटर वायू होतो. म्हणजे जागेची अडचण जवळजवळ मिटली. मात्र हा द्रव उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. १८९२ मध्ये ड्यूअर यांनी दुहेरी भिंतींचे निर्वात पात्र बनविल्यावर तो काही काळ राखता येऊ लागला. तरी त्याचे बाष्पीभवन मंदावले, थांबले नाही. ('द्रव प्राणवायू' या संज्ञेत द्रव आणि वायू शेजारी बसले आहेत, हा भाषेचा नाइलाज. तथापि लाव्हाझिए यांनी दिलेल्या मूळ नावाचा 'आम्लजनक' हा अर्थ चुकीच्या समजुतीवर आधारलेला होता; त्या मानाने मराठी नाव अधिक खरे.)

ही उणीव कोठे जाचते आणि कोठे नाही, यावरच पुढील इतिहास ठरला. पहिल्या महायुद्धात जर्मन वैमानिकांनी द्रव प्राणवायूची उपकरणे वापरली. वैमानिक काही तासांत तळावर परततो. एव्हरेस्टची गोष्ट निराळी. १९२२ च्या मोहिमेत फिंच यांच्या पाठीवर दाबाखाली भरलेल्या वायूच्या चार नळकांड्यांचे सुमारे ३२ पौंडांचे ओझे होते. त्यांतील सारा वायू द्रवरूपात लिटरभराहून फारसा अधिक भरला नसता. परंतु दार्जिलिंगहून तिबेटमार्गे पायथ्यापर्यंतच महिन्याहून अधिक चाल होती, आणि तेवढ्या काळात द्रव उडून गेला असता. पोलादी नळकांडे जड खरे, पण वाट पाहू शकते. २७ मे रोजी फिंच व जेफ्री ब्रूस सुमारे ८,३०० मीटरपर्यंत पोहोचले. हमालांनी या वायूला 'इंग्रजी हवा' असे नाव दिले होते. १९५३ मध्ये हिलरी व तेनसिंग शिखरावर गेले तेही नळकांडी घेऊनच.

द्रव प्राणवायूला खरे स्थान मिळाले ते शहरातील रुग्णाच्या खांद्यावर. १९६० नंतरच्या दशकात डेनव्हर येथे थॉमस पेटी व त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णांना अशी हलकी पात्रे दिली. घरी मोठे पात्र ठेवावयाचे, त्यातून लहान पात्र भरून हिंडावयाचे. उडून जाणाऱ्या द्रवाची भरपाई दाराशीच होई. पुढे १९८० मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुख्यतः रात्रीच प्राणवायू घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण तो जवळजवळ अखंड घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. या निष्कर्षाचे श्रेय बहुधा तासांच्या संख्येला दिले जाते. परंतु अखंड प्राणवायू घेणाऱ्या गटाला वाहून नेण्याजोगी उपकरणे होती, दुसऱ्या गटाला एका जागी राहणारी. त्यामुळे लाभ अधिक तासांचा किती आणि हिंडता आल्याचा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.