शिकलगारांची मिरज

आपल्याकडे गावाचा इतिहास लिहायला घेतला की किल्ला कुणी बांधला, वेढा कुणी घातला, जहागीर कुणाला मिळाली, एवढ्यातच पानं संपतात. मिरजेचंही तेच झालं आहे. बहामनी, आदिलशाही, मोगल, मराठे, मग पटवर्धनांचं संस्थान. या यादीत तलवार चालवणारे सगळे आहेत, तलवारीला धार लावणारे मात्र नाहीत.

ते होते शिकलगार. हत्यारं घासून-पुसून, धार लावून लखलखीत ठेवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. 1818 साली पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या आणि हत्यारांचं काम आटत गेलं. हातात कसब होतं, पण गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

त्या काळात मिरजेच्या दरबारात गाण्याला मान होता. गवई यायचे, त्यांचे तंबोरे बिघडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं ही वाद्यं दुरुस्त करायला घेतली, आणि दुरुस्त करता करता तो नवी घडवू लागला. संस्थानिकांनी पाठबळ दिलं. लोखंड घासणारे हात लाकूड तासू लागले. पुढे या घराण्यांचं आडनावच ‘सतारमेकर’ झालं. मराठी शब्दाला इंग्रजी शेपूट जोडलेलं हे आडनाव आज मिरजेतल्या मुसलमान कारागिरांची ओळख आहे.

तंबोऱ्याला लागणारा मोठा कडू भोपळा येतो पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. तो वाळवायचा, कापायचा, त्यावर तबली बसवायची, दांडी जोडायची, खुंट्या लावायच्या. सगळ्यात अवघड काम जवारीचं. घोडीचा पृष्ठभाग घासून असा करायचा की तार छेडल्यावर सूर गुंजत राहिला पाहिजे. ते मापानं जमत नाही, कानानंच करावं लागतं. पंढरपूरकडच्या शेतकऱ्याचा भोपळा, शिकलगाराचा हात आणि त्यावर गाणारा गवई कधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा शिष्य, तर कधी किराणा घराण्याचा.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे, पण त्यांनी मिरजेलाच घर मानलं. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं, आणि दफन झालं मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची मैफल होते, मोठमोठे हिंदू-मुसलमान कलावंत तिथे हजेरी लावतात. याच उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. गाव असं एकमेकांत गुंतलेलं आहे.

2009 च्या सप्टेंबरात मात्र मिरजेचं नाव देशभर गेलं ते दंगलीमुळे. गणेशोत्सवातल्या एका कमानीवर अफजलखानाच्या वधाचं चित्र होतं, त्यावरून वाद पेटला. त्यानंतर बाहेरच्या माणसाला मिरज म्हटलं की दंगल आठवू लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक भेट सगळ्यांना पाठ आहे, आणि दीडशे वर्षं रोज चाललेली देवाणघेवाण कुणाला सांगता येत नाही. मला याचंच भय वाटतं. जे सांगितलं जात नाही, ते घडलंच नाही असं म्हणायला वेळ लागत नाही.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनानं नाव टिकतं, धंदा टिकेलच असं नाही. तंबोऱ्याची जागा आता इलेक्ट्रॉनिक पेटीनं आणि मोबाईलनं घेतली आहे. जवारी लावायला शिकण्यात वर्षं जातात, तेवढा धीर धरावा असं उत्पन्न त्यात नाही. नवी पिढी दुसरीकडे वळली तर तिला दोष कसा द्यायचा? शिकलगारांनीही एकदा धंदा बदललाच होता.

धंदा बदलला तरी आठवण जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. कुठल्या गवयाचा तंबोरा कुणी घडवला, मजुरी काय मिळाली, उस्ताद कुठे बसायचे, हे म्हाताऱ्या कारागिरांना तोंडपाठ आहे. ते लिहून काढायला हवं, आणि मराठीत लिहायला हवं. मिरजेचंच कशाला, आपापल्या गावातल्या पिंजारी, मोमीन, अत्तार, बागवानांच्या घरी जाऊन विचारा. राजांचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक आहेत. आपल्या आजोबांचा आपणच लिहायचा आहे.