उस्ताद, शागीर्द आणि केक

उर्दू शायरीत एक जुनी रीत आहे. शागिर्दाने गझल लिहून आणायची, उस्तादाने त्यातला एखादा शब्द बदलायचा, एखादी ओळ खोडायची आणि कागद परत द्यायचा. याला ‘इस्लाह’ म्हणतात. मी मराठीत लिहितो, पण ही रीत पाहत वाढलो. बेकरीच्या भट्टीवरही हीच रीत चालते. आणि आज केक-पेस्ट्री करणारी आपली मुले जगाच्या स्पर्धेत उतरतात, तेव्हा त्यांच्या मागेही असाच एक उस्ताद असतो.

या स्पर्धेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेनला कुशल कारागिरांची चणचण भासत होती. तरुणांनी हातकामाकडे वळावे म्हणून तिथे १९४७ साली देशपातळीवर स्पर्धा भरली. १९५० साली माद्रिदला स्पेन आणि पोर्तुगालचे तरुण समोरासमोर आले. पुढे त्यातूनच ‘वर्ल्ड स्किल्स’ उभी राहिली. आपल्याकडे आयटीआयमधून चालणारी कारागीर प्रशिक्षण योजनाही १९५० चीच. शिवाय ‘पाव’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनीच दिलेला! एवढे धागे असूनही या स्पर्धेच्या संघटनेत भारत सामील व्हायला २००६ साल उजाडले.

त्यानंतर मात्र मुलांनी वेळ दवडला नाही. २०१७ साली अबुधाबीत मोहित दुदेजा याने पेस्ट्री आणि मिठाईकामात रौप्यपदक मिळवले. २०२४ साली फ्रान्समधल्या लियोंमध्ये अश्विता पोलीस या तरुणीने याच विभागात कांस्यपदक आणले. पेस्ट्री म्हणजे फ्रेंचांचे माहेर. तिथे जाऊन पदक आणणे ही साधी गोष्ट नव्हे.

तिथे करावे लागते काय? थरांचा केक, चॉकलेटचे नि साखरेचे शिल्प, बदामाच्या लगद्यातून घडवलेल्या आकृत्या. सगळे ठरलेल्या वेळात, ठरलेल्या वजनात. चव आणि रूप पाहतातच, पण ओट्याची स्वच्छता आणि वाया गेलेला मालही पाहतात. गुरूचे काम त्याआधीचे. एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करून घ्यायचा, घड्याळ लावून मिनिटे कापायची, कुठे हात अडखळतो ते दाखवायचे. मुलगा ओट्यापाशी उभा राहिला, की गुरूला त्याच्या कामाला हात लावता येत नाही. मुशायऱ्यात शागीर्द माइकपुढे गेला, की उस्तादाने गप्प बसायचे, तसेच.

आमच्या वाशीम जिल्ह्यात हे उस्ताद नवे नाहीत. ईद असो की दिवाळी, बायाबापड्या मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीवर रांग लावायच्या आणि डबे भरून नानखटाई घरी न्यायच्या. भट्टीवरचे चाचा चिमूटभर मैदा आत टाकून, तो किती वेळात लाल होतो यावरून ताव ओळखायचे. तराजू होता, पण खरी भिस्त हातावर. पोरगा शिकायचा तो पाहून, आणि अधूनमधून बोलणी खाऊन.

हा अंदाज मोलाचा आहे. पण तो कागदावर नाही. स्पर्धा मागते ग्रॅम आणि अंश. शिवाय बहुतेक विभागांत वयाची अट बावीस वर्षांची. शाळा सोडून भट्टीवर आलेल्या मुलाचा हात विशीत तयार असतो, पण अशी स्पर्धा असते हे त्याला सांगणार कोण? अकोल्यातून फुटून १९९८ साली झालेला आमचा हा जिल्हा, २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. आकांक्षा हा शब्द सरकारने दिला. ती पुरी करायची वाट मुलांना दिसली पाहिजे.

त्यासाठी मोठा खर्च नको. आयटीआयमध्ये बेकरीचा अभ्यासक्रम असतो. तिथल्या शिक्षकांनी गावच्या भट्टीवर जावे आणि चाचांच्या मुठीतला अंदाज काट्यावर मोजून वहीत उतरवावा. चाचांनीही आठवड्यातून एकदा वर्गात यावे. एकाकडे माप आहे, दुसऱ्याकडे हात. दोघांनी मिळून एखाद्या मुलाची इस्लाह केली, तर लियोंचा ओटा वाशीमपासून फार लांब नाही.