डोकेदुखी

डोकेदुखी किंवा शिरःशूल म्हणजे डोक्याच्या कोणत्याही भागात होणारी वेदना होय. मेंदूच्या ऊतींना स्वतःला वेदना जाणवत नाही. दुखतात ती त्याभोवतीची आवरणे, रक्तवाहिन्या आणि डोके व मानेचे स्नायू. बहुतांश डोकेदुखी निरुपद्रवी असते. मात्र वरचेवर घेतलेली वेदनाशामक औषधेच पुढे ती कायम ठेवू शकतात.

== प्रकार ==
तणावजन्य डोकेदुखी सर्वाधिक आढळते. तीत डोके दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखे वाटते. दैनंदिन कामे सहसा थांबत नाहीत. अर्धशिशीत ठणका लागतो, मळमळते, उजेड व आवाज सहन होत नाहीत आणि उपचाराविना त्रास ४ ते ७२ तास टिकतो. नाव अर्धशिशी असले तरी वेदना दोन्ही बाजूंना होऊ शकते. हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ११ शिरोरोग वर्णिले असून त्यांतील ‘अर्धावभेदक’ याच्याशी मिळताजुळता मानला जातो.

== कारणे ==
अपुरी झोप, उपवास, पाणी कमी पिणे आणि नेहमीचा चहा चुकणे ही सामान्य कारणे होत. खडकवासल्याजवळील सिंहगड उन्हात चढून आल्यावर डोके दुखल्यास अनेकजण उंचीला दोष देतात. प्रत्यक्षात गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि विरळ हवेचा त्रास साधारणतः २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. येथे ऊन, श्रम व शरीरातील पाण्याची घट यांचाच संभव अधिक. घट्ट हेल्मेटच्या दाबानेही डोके दुखते. यावर उपाय योग्य मापाचे हेल्मेट हा आहे, हेल्मेट न घालणे हा नव्हे.

== उपचार ==
विश्रांती, पाणी व वेळेवर आहार यांनी सौम्य त्रास शमतो. कपाळावर सुंठेचा लेप लावण्याची प्रथा घरोघरी आहे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत सुरू केलेले ‘अमृतांजन’ही याच गरजेतून लोकप्रिय झाले. बामातील मेन्थॉलमुळे थंडावा जाणवतो. मूळ कारण त्याने दूर होत नाही.

पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा कॅफिनयुक्त संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास औषध-अतिवापरजन्य डोकेदुखी जडू शकते. गोळीचा अंमल ओसरला की डोके पुन्हा दुखते, म्हणून पुन्हा गोळी घेतली जाते. हे चक्र तोडण्यासाठी औषध थांबवावे लागते. पहिले काही दिवस त्रास वाढतो, त्यामुळे हे वैद्यकीय सल्ल्याने करणे इष्ट. गोळी घेतलेल्या दिवसांची दिनदर्शिकेवर केलेली नोंद निदानास फार उपयोगी पडते.

== धोक्याची लक्षणे ==
क्षणार्धात उद्भवलेली अतितीव्र वेदना, तापासह मान ताठणे, बोलण्यात वा हातापायांत अचानक अशक्तता, शुद्ध हरपणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी वेदना असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली आणि गरोदरपणातील नवी डोकेदुखीही डॉक्टरांकडून विनाविलंब तपासून घ्यावी.