जुनी लेन्स, चालतं चित्र आणि गुलमंडीचा उजेड

व्हिडिओसाठी जुनी मॅन्युअल लेन्स घेणारा माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, "शार्प आहे का?" हा फोटोवाल्याचा प्रश्न झाला. ४के व्हिडिओची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलची असते. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ वर चालणारी ५० मिलिमीटरची धड लेन्स एक-दोन स्टॉप बंद केली की एवढा तपशील सहज देते. व्हिडिओत लेन्सचा कस लागतो तो दोन ठिकाणी : रिंग कशी फिरते, आणि फ्रेममध्ये शिरलेला दिवा काच कसा झेलते. छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) पैठण गेटकडून सिटी चौकाकडे जाताना लागणारी गुलमंडीची बाजारपेठ या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत तपासून देते. दिवसा ऊन-सावलीचे पट्टे, संध्याकाळी दुकानादुकानांतले दिवे, आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी.

आधी उजेडाचं गणित. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओला १/५० शटर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण ठोके मावतात आणि पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. शटर असं बांधलं गेलं की उजेड आवरायला ॲपर्चर, आयएसओ आणि एनडी फिल्टर एवढंच उरतं. भर उन्हात आयएसओ १०० ला १/५० शटरसाठी एफ/२२ लागतो. बऱ्याच जुन्या लेन्स एफ/१६ वरच थांबतात. एफ/२.८ वर शूट करायचं तर सहा स्टॉप, म्हणजे ६४ पट उजेड अडवणारा एनडी हवा. लेन्सच्या किमतीत त्याची किंमत धरूनच हिशेब करावा.

उन्हातून ताडपत्रीखालच्या सावलीत शिरताना ॲपर्चर चालू शॉटमध्ये उघडावं लागतं. बहुतेक जुन्या लेन्सची रिंग टक्-टक् करत फिरते. उजेड उड्या मारतो आणि तो आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्येही जातो. सोव्हिएत हेलिओस ४४-२ इथे उजवी ठरते. ५८ मिलिमीटर, एफ/२ ची ही लेन्स युद्धपूर्व जर्मन बायोटारच्या रचनेवर बेतलेली. तिची प्रीसेट पद्धतीची दुसरी रिंग आवाज न करता, सलग फिरते. लोक तिला मागच्या गरगरत्या धूसरपणासाठी विकत घेतात, पण तो परिणाम फ्रेमच्या कडांना असतो. एपीएस-सी सेन्सर नेमक्या त्याच कडा कापून टाकतो. माझ्या मते तिचं खरं मोल त्या रिंगेत आहे.

फोकसच्या रिंगेकडे याहून बारकाईनं पाहावं. आतलं ग्रीस वाळलेलं असेल तर रिंग अडखळते आणि कॅमेरा हलतो. सैल असेल तर दिशा बदलताना चित्र किंचित उडी घेतं. फोटोत हे कधीच कळत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं. उलट, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलेलं असेल तर फिल्म कॅमेऱ्यासाठी ती लेन्स बाद, कारण पाती क्षणात मिटत नाहीत. डिजिटल कॅमेऱ्यावर ॲडॉप्टरनं लावलेल्या लेन्सची पाती आपण हातानंच मिटवतो, त्यामुळे अशी लेन्स स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्यावी. फक्त तेलाची वाफ काचेवर बसलेली नाही ना, ते पाहावं.

काचेची परीक्षा संध्याकाळी होते. दिवा फ्रेमच्या बाहेर असेल तर हूड उपयोगी पडतो. गुलमंडीत दिवे फ्रेमच्या आतच असतात. एकपदरी कोटिंगच्या लेन्समध्ये त्यांचा उजेड आतल्या आत परावर्तित होऊन काळ्या भागावर दुधाळ पडदा येतो. गणेश विसर्जनाची मिरवणूक याच भागातून जाते. तिथे झगमगाट आणि अंधार शेजारी शेजारी असतात. चेहऱ्यांसाठी तो पडदा कधी शोभतो, पण सलग चित्रणाला मल्टिकोटेड लेन्सच घ्यावी. पेंटॅक्सच्या टाकुमार लेन्समध्ये सुपर-टाकुमार आणि सुपर-मल्टि-कोटेड टाकुमार ही नावं वाचूनच निवड करता येते. जुन्या ५० मिलिमीटर एफ/१.४ टाकुमारच्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच आहे. ती काळानं पिवळी पडते. काही दिवस अतिनील प्रकाशात ठेवली की बरीच निवळते.

बुरशी तपासायला मोबाइलचा टॉर्च मागून आरपार धरावा. कडेचा एखादा तंतू चालतो, जाळं मात्र दिव्यासमोर तोच दुधाळ पडदा आणतं.

माउंटचं कोडं अंतराचं आहे. हेलिओस, टाकुमार यांच्यासारख्या एम४२ माउंटच्या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर हवं. सोनी ई माउंटचं अंतर १८. मधली जागा पोकळ रिंग भरून काढते. निकॉन एफ चं अंतर ४६.५, म्हणून त्यावर एम४२ लावली की काचेचा ॲडॉप्टर न घेता दूरचा फोकस मिळतच नाही. मिररलेसवर ही अडचण जवळपास संपली आहे.

आणि फोकल लेंग्थ. एपीएस-सीवर ५८ मिलिमीटर म्हणजे ८७ चा दृश्यकोन. गुलमंडीत मागे सरकायला तेवढी जागा मिळत नाही. २८ मिलिमीटर एफ/२.८ नं सुरुवात करावी. फुलफ्रेमवर एफ/८ ला फोकस ३.३ मीटरवर ठेवला की साधारण १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट राहतं, आणि हा हिशेब जुन्या लेन्सच्या नळीवर कोरलेलाच असतो. गर्दीत रिंगेला हात न लावता चालता येतं. ५० किंवा ५८ ची खरेदी त्यानंतर.