खिशाला लावलेले पेन

आमच्या आज्याच्या सदऱ्याला कायम एक फाउंटन पेन लावलेले असे. रात्रशाळेत शिकलेली स्वतःच्या नावाची अक्षरे तेवढी त्याला येत. शाई भरण्याचा प्रसंग वर्षातून दोन-चारदाच. तरी पेनाशिवाय तो चावडीसमोरून कधी गेला नाही. 'कुणाचा दस्त लिहायला निघालास?' असे गावातले प्रतिष्ठित विचारीत आणि हसत. त्या हसण्यात थोडी धास्तीही असली पाहिजे, असे आता इतिहास शिकविताना मला वाटते.

लेखणीचा इतिहास सांगणारे अक्षराच्या वळणाविषयी भरभरून बोलतात; लेखणी कुणाच्या हाती होती, याविषयी गप्प बसतात. बोरू आणि दौत ही बैठकीची साधने. मांडी घालून बसायला हक्काची जागा हवी, दौत लवंडता कामा नये. कुलकर्ण्याच्या ओटीवर ती जागा होती, महारवाड्यात नव्हती. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमनने ज्याचे पेटंट घेतले, त्या पेनाने शाई आपल्या पोटातच ठेवली. लिहिणारा बैठकीतून सुटला. गाडीत, तुरुंगात, सभेच्या मांडवात लिहिता येऊ लागले. अर्थात पेनाने आम्हाला लिहिते केले, असे कुणी समजू नये. १८८८ साली पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. साधनासाठी ते अडून बसले नाहीत.

१९३२ साली राजमहेंद्रीला रत्नम यांनी स्वदेशी पेने घडवावयास घेतली. गांधीजींनी त्यांचे कौतुकही केले. पेन कुठे घडले, हे स्वदेशीने विचारले. ते कुणाच्या खिशाला खपते, हा प्रश्न राहूनच गेला.

बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या खिशाला पेन असतेच. शिल्पकार विसरला तर वस्ती आठवण करून देते. त्याच पेनाने त्यांनी घटना लिहिली, असे आपण मुलांना सांगतो. येथे मास्तर म्हणून मला थांबावे लागते. संसदेत जपलेली घटनेची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा या सुलेखनकाराने लिहिली आणि तीही दांडीला निब लावलेल्या टाकाने. तिच्यावर २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी सह्या केल्या. बाबासाहेबांचे काम अक्षर काढण्याचे नव्हतेच. मसुदा घडविणे आणि एकेक कलम सभागृहात लढविणे, हे त्यांचे काम. हे स्पष्ट सांगितले नाही, तर त्यांना नुसता लेखनिक ठरवू पाहणाऱ्यांचेच फावते.

त्यांचे हस्ताक्षर शोधायचे तर अन्यत्र शोधावे. १९२७ साली निघालेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांच्या हस्ताक्षरातली आठवण छापून आली ती १९९० साली. १९५६ नंतर कितीतरी हस्तलिखिते पेट्यांत पडून होती. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली, १९७९ साली पहिला खंड निघाला. १९८७ साली चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' आले आणि १९८८ च्या जानेवारीत काहींनी तो खंड जाळला. तीस वर्षांपूर्वी वाळलेल्या शाईची एवढी भीती! ५ फेब्रुवारीला मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. वादग्रस्त परिशिष्ट खंडात राहिले. त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही, एवढी टीप तेवढी जोडली गेली.

त्या मोर्चाला आजा गेला होता. निघण्याआधी त्याने शेजारच्या पोराकडून दौत आणवून पेनात शाई भरून घेतली होती, असे आजी सांगते.